दाब आणि संयम

जुन्या वस्तूंवरील प्रेम हे पुष्कळदा आपल्याच सरलेल्या वयावरील प्रेम असते. म्हणूनच एखाद्या तरुणास त्याच्या जन्माच्या कितीतरी आधी घडलेल्या यंत्राचे वेड लागलेले दिसले म्हणजे आम्हांस कुतूहल वाटते. यवतमाळात आमच्या एका माजी विद्यार्थ्याने घरातच लहानशी ध्वनिमुद्रणाची खोली थाटली आहे. त्याचे वेड आहे ते जुन्या अमेरिकन कंप्रेसरांचे. मूळ यंत्रे लाखांच्या घरात जातात. तो बिचारा संगणकातील त्यांच्या प्रतिकृतींवर समाधान मानतो.

कंप्रेसर म्हणजे काय, हे कापसाच्या मुलखातील मनुष्यास सांगणे सोपे आहे. रेच्यातून निघालेली रुई फुललेली असते. ती तशीच भरली तर गाडी भरून जाते, पण माल थोडाच जातो. म्हणून प्रेसमध्ये दाबून तिची १७० किलोंची गाठ बांधतात. आवाजाचेही तसेच. मनुष्याचा कंठ कुजबुजीपासून आरोळीपर्यंत फिरतो. तबकडीच्या खाचेस किंवा रेडिओच्या प्रक्षेपणास एवढा पल्ला पेलत नाही. तेव्हा चढलेला स्वर आवरावयाचा आणि मग एकंदर आवाज थोडा उचलावयाचा, म्हणजे हळू उच्चारलेला शब्दही कानी पडतो.

ही कामगिरी करणारे १९५० नंतरच्या दशकातील फेअरचाइल्ड ६७० हे यंत्र वीस व्हॉल्व्हांचे व सुमारे ३० किलो वजनाचे होते. १९६० नंतरच्या दशकात जिम लॉरेन्स ह्यांनी घडविलेल्या एलए-२ए ची रीत निराळी. त्यात आवाज चढला की एक प्रकाशपट्टी उजळते. तिच्यासमोरील प्रकाशसंवेदी घटकाचा रोध उतरतो आणि आवाज आवरला जातो. स्वर ओसरताच निम्मा दाब सेकंदाच्या अल्पांशात सुटतो, पण उरलेला सुटावयास कित्येक सेकंद लागतात. आणि दाब जितका जोराचा व दीर्घ, तितकी ही सुटका रेंगाळते. काटेकोर शास्त्रदृष्टीने हा दोषच म्हणावा लागेल. परंतु रसिकांचे मन गुंतते ते नेमके ह्या दोषात. बोलणे खाऊन बसलेला मनुष्यही असाच लगेच पूर्वपदावर येत नाही. यंत्रास जणू झाल्या गोष्टीची आठवण राहते.

पण जे गोड वाटते ते खरे असते काय? हा प्रश्न आमच्यापुढे अकस्मात उभा राहिला. त्या विद्यार्थ्याने आपल्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या मुद्रित केल्या होत्या. एका ओवीत तिच्या गेलेल्या लेकीचे नाव येते, आणि तेथे तिचा आवाज इतका उतरतो की जात्याच्या घरघरीत तो बुडून जातो. कंप्रेसर लावला की नाव स्पष्ट ऐकू येते. मात्र आवाज उतरल्याची खूण पुसली जाते. "सर, ह्यातले खरे कोणते?" त्याने विचारले.

विजेचे ध्वनिमुद्रण १९२५ च्या सुमारास सुरू झाले. त्यापूर्वीचे गवई कर्ण्यासमोर गात, आणि तार स्वर आला की स्वतःच मागे सरत. तो संयम गाणाऱ्याचा होता; कोठे आवरावे हे त्याचे त्यास ठाऊक असे. आज तो निर्णय दुसऱ्याच्या हाती गेला आहे, आणि ज्याच्या हाती दाब त्याच्या माथी जबाबदारी. १९९० नंतर तबकड्या एकमेकींहून मोठ्या वाजाव्यात म्हणून सारे संगीत इतके दाबण्यात आले की गाण्यात श्वास घेण्यास जागा उरेना. शिवाय ती माउली ते नाव जात्यास सांगत होती की आम्हांस? जे तिने हळू म्हटले ते मोठ्याने ऐकविण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला?

आम्ही त्यास एवढेच सुचविले की आजीलाच विचार. तिने दोन्ही प्रती ऐकल्या, क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, "नाव समजलं पायजे बाबू. पन माहा आवाज तेथं बसला होता, थे बी समजलं पायजे."

ह्याहून नेमका निकाल आम्हांस देता आला नसता. दुर्बलाचा शब्द ऐकू यावा एवढ्यासाठी दाब क्षम्य आहे. तो शब्द दुर्बल का झाला, हे ज्याने लपते तो दाब मात्र अन्यायाचा. घरात, वर्गात, राज्यकारभारातही हाच निकष लावून पाहावा. जुन्या यंत्राचे आकर्षण आम्हांस आता थोडे उमगते: ते दाबते, पण दाबल्याची खूण मागे ठेवते.

विद्यार्थ्याने अखेर हलकासा दाब ठेवला. नाव ऐकू येते, आणि कंठ दाटल्याचेही कळते. दाब न दिलेली मूळ प्रत त्याने निराळी जपून ठेवली आहे, हे आम्हांस विशेष आवडले. गाठ सोडली की रुई पुन्हा फुलते; एकदा दाबून मुद्रित केलेला स्वर मात्र पूर्ववत उलगडता येत नाही.