पाखरांच्या तोंडचा घास



हिवाळा सरत आला की आपल्यापैकी काही जण कॅमेरे घेऊन पैठणच्या नाथसागराकडे जातात. गारखेड्यापासून सुमारे ५० किलोमीटरवरचा हा जलाशय १९८६ साली पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. तेथील रोहित, चक्रवाक, पट्टकदंब पाहून मन देवाच्या स्तुतीने भरून येते. छायाचित्रांमुळे मुलांना या पाखरांची ओळख होते, हेही चांगलेच.

पण बसलेला थवा उडताना टिपता यावा म्हणून कोणी खडा मारतो, कोणी टाळ्या वाजवतो. त्यात पाखरांचे काय बिघडते? बरेच बिघडते. फेब्रुवारी-मार्चमध्ये हे पाहुणे परतीच्या वाटेसाठी अंगात चरबी साठवत असतात. पट्टकदंबाला तर हिमालय ओलांडून तिबेट-मंगोलियाकडे जायचे असते. आपण उगाच उडवले की त्यांची ती शिदोरी खर्च होते.

स्वर्गीय पिता पाखरांना कसे खाऊ घालतो ते पाहा, असे प्रभू येशूने शिकवले. पिता ज्यांना भरवतो, त्यांच्या तोंडचा घास आपण एका फोटोसाठी काढावा काय? दिवंगत पोप फ्रान्सिस यांनीही 'लाउदातो सी' (२०१५) या परिपत्रकात सांगितले, की प्रत्येक जीवाला देवासमोर स्वतःचे मोल आहे. ते मोल आपल्या उपयोगावर ठरत नाही.

उपवासकाळात आपण जिभेला आवर घालतो. पाणवठ्यावर तसाच आवर हौसेलाही घालू या. दूर बसू, गप्प राहू, वाट पाहू. फोटो मिळाला नाही, तरी दर्शन झालेच!