दस्त्याखालची चिठ्ठी

बसा. समोर टेबलावर एक जुनी रायफल आडवी ठेवली आहे. स्वित्झर्लंडच्या सैन्याची, कॅराबिनर 31.

लगेच हात लावू नका. आधी एक श्वास आत. सावकाश बाहेर.

आता बोल्टची मूठ धरा आणि मागे ओढा. वर उचलून फिरवायची गरज नाही. बोल्ट सरळ एका रेषेत मागे येतो.

आत डोकवा. नळीत काही नाही. मॅगझिनमध्येही काही नाही.

पुन्हा एकदा बघा.

हत्यार हाती घेताना आधी ते रिकामं असल्याची खात्री करायची. जुन्या रायफली जमवणाऱ्याची ही पहिली सवय. मला ती सगळ्यात प्रिय आहे. तिथेच जरा थांबा.

तेलाचा मंद वास येतो. येऊ द्या.

लोखंडावर बोट टेकवा. गार लागतं. निळसर काळा रंग अजून शाबूत आहे, गंजाचा ठिपकाही नाही. 1933 ते 1958 या काळात बर्नच्या सरकारी कारखान्यात अशा पाच लाखांहून अधिक रायफली तयार झाल्या. आधीच्यांचा दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा, नंतरच्यांचा बीचचा. ही अक्रोडाची आहे.

दस्त्यावरून बोट खाली न्या. हळू.

एक खाच. पुढे आणखी एक. टोकाशी लाकूड ठेचलेलं, काळवंडलेलं.

बर्फात टेकवल्याच्या, ओल्या जमिनीवर उभी केल्याच्या या खुणा, असं जाणकार सांगतात. काही जण त्या घासून, पॉलिश करून घालवतात. कृपा करून तसं करू नका.

श्वास घ्या.

1939 चा सप्टेंबर. युरोपात युद्ध पेटलं आहे. तटस्थ स्वित्झर्लंडची चार लाखांहून अधिक माणसं शेत, दुकान, वर्ग सोडून उभी राहतात. डोंगरात, घाटात, सीमेवर. पहारा देतात. वाट पाहतात. देशावर स्वारी होत नाही.

मग माणूस घरी येतो. रायफलही त्याच्याबरोबर घरी येते. या देशाची रीतच तशी आहे.

आता दस्त्याच्या टोकाची पोलादी पट्टी बघा. दोन स्क्रू आहेत. हलक्या हाताने सोडवा.

प्रत्येक रायफलीत ती सापडत नाही. हिच्यात आहे. कागदाची छोटी चिठ्ठी.

उलगडा. ही रायफल ज्या सैनिकाकडे होती, त्याचं नाव. जन्मसाल. तुकडी. गाव.

नाव मनातल्या मनात वाचा. परत वाचा. अक्षर टाइप केलेलं आहे, एका कोपऱ्यात शाई फिकट झाली आहे.

रायफल चांगली जपलेली आहे, असं आपण म्हणतो आणि श्रेय ती विकत घेणाऱ्याला देतो. पण हे जपणं या माणसाचं आहे. कवायत संपल्यावर, हात थंडीने बधिरलेले असताना, त्याने ही नळी पुसली आहे. दर वेळी.

त्याच्यापाशी थोडं बसा. काही विचारू नका.

ऐका.

मग चिठ्ठी होती तशी घडी करून आत ठेवा. पट्टी बसवा. स्क्रू फार आवळू नका, लाकूड जुनं आहे.

अजून सुट्या भागांवरचे अनुक्रमांक जुळवायचे आहेत. आधी रिसीव्हरवरचा वाचा, मग बोल्टवरचा, मग मॅगझिनवरचा. उजेड कमी वाटला तर रायफल खिडकीकडे वळवा.