गप्प झालेलं मूल

मानसशास्त्रज्ञांची नावं काढली की आपण फ्रॉइडपासून सुरुवात करतो. मी जेम्स रॉबर्टसनपासून करीन. ग्लासगोजवळच्या कामगार कुटुंबातला हा माणूस दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लंडनमध्ये बालमनोविश्लेषक अ‍ॅना फ्रॉइड यांच्या हॅम्पस्टेडच्या बालगृहात बॉयलर सांभाळायला आणि पडेल ते काम करायला लागला. तिथला नियम असा, की मुलांबद्दल जे दिसेल ते प्रत्येकाने कार्डावर लिहायचं. बॉयलरवाल्यानेसुद्धा. नजरेला वळण लागलं ते तिथे.

1948 मध्ये तो टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांच्याकडे आला. काम होतं रुग्णालयात दाखल झालेल्या लहान मुलांना न्याहाळण्याचं. तेव्हा ब्रिटिश रुग्णालयांत आईबापांना भेटीची मुभा फार थोडी. काही ठिकाणी रविवारचे दोन तास, तेवढेच. आई दिसली की मूल रडतं, त्यापेक्षा ती न आलेली बरी, चार दिवसांत पोर रुळतं, असं डॉक्टर आणि परिचारिका मनापासून मानत.

रॉबर्टसनला दिसलं ते असं: मूल आधी आकांत करतं, मग खचून गप्प होतं. पुढे ते हसू-खेळू लागतं, भेटेल त्या नर्सकडे जातं. मात्र आई आली तर तिच्याकडे बघतही नाही. वॉर्ड ज्याला रुळणं म्हणत होता, ते मुळात तुटणं होतं.

सांगून कुणाला पटेना, तेव्हा 1952 मध्ये त्याने फिल्म केली. अडीच वर्षांची लॉरा, बेंबीच्या हर्नियासाठी आठ दिवस दाखल. रडण्याचे क्षण तेवढे वेचले, असा आळ नको म्हणून रोज ठरलेल्या वेळी चित्रण, भिंतीवरच्या घड्याळासकट. आणि ही पोर फारशी रडतही नाही. चेहरा आवरते, आपलं अस्वल घट्ट धरते, मधूनच आई कुठे आहे म्हणून हळूच विचारते. घरी निघताना मात्र ती आईचा हात धरत नाही. फिल्मचं सगळं बळ त्या न धरलेल्या हातात आहे.

रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये ही फिल्म पाहून बरेच डॉक्टर संतापले. तरी 1959 मध्ये ब्रिटनमधल्या सरकारी प्लॅट समितीने आईबापांना केव्हाही भेटू द्यावं, अशी शिफारस केली.

त्या परिचारिका निर्दय नव्हत्या. गप्प मूल सांभाळायला सोपं असतं, आणि जे आपल्या सोयीचं ते मुलाच्याही भल्याचं, असं मोठ्या माणसाला फार लवकर पटतं. रॉबर्टसनचा खरा शोध मला इथे दिसतो. तो मुलांइतकाच आपल्याविषयी आहे. ‘पाळणाघरात दोन दिवस रडला, आता शहाणा झाला’ हे वाक्य आपणही किती समाधानाने बोलतो!

यात नोकरी करणाऱ्या आईला दोष देण्याचं काहीच कारण नाही. पुढे जेम्स आणि त्याची पत्नी जॉइस यांनी आईपासून काही दिवस दुरावलेली चार मुलं एकेक करून स्वतःच्या घरी सांभाळली. ती मुलं बरीच सावरलेली राहिली, कारण सतत जवळ घेणारं एक ओळखीचं माणूस त्यांना होतं. त्याच सुमारास एका निवासी बालगृहात नऊ दिवस राहिलेल्या दीड वर्षाच्या जॉनला बदलत्या पाळ्यांमुळे तसं माणूस मिळालं नाही, आणि तो पार कोसळला.

म्हणून पाळणाघर निवडताना फी बघा, खेळणी बघा. पण रोज तीच मावशी आपल्या बाळाला घेणार का, हे आधी विचारा.