तलवारीच्या आधी निवाडा



आज आगमन काळाचा पहिला रविवार. पहिल्या वाचनात यशया संदेष्टा तलवारींपासून नांगराचे फाळ होण्याविषयी बोलतो. हे चित्र आपणा सर्वांच्या ओळखीचे आहे. परंतु त्याच्या आधीचा भाग आपण घाईने वाचून जातो. राष्ट्रे प्रथम परमेश्वराच्या डोंगरावर येतात, तो त्यांच्यातील तंट्यांचा निवाडा करतो, आणि मगच शस्त्रे मोडली जातात. राष्ट्रांमध्ये तंटे असणार हे संदेष्ट्याने गृहीतच धरले आहे. तंटा घेऊन कोणापुढे जायचे, एवढाच त्याचा प्रश्न आहे.

दक्षिण अमेरिकेच्या अगदी खालच्या टोकाला बीगल नावाची सामुद्रधुनी आहे. तिच्या पूर्वेकडील तोंडाशी पिक्टन, लेनॉक्स आणि नुएवा ही तीन छोटी बेटे. ती चिलीची की आर्जेंटिनाची, यावरून पिढ्यान्‌पिढ्या वाद होता. दोन्ही देश कॅथलिक, दोघांची भाषाही एकच. १८८१ च्या तहात सीमा लिहिलेली होती, पण त्या ओळींचा अर्थ ज्याने त्याने आपल्या सोयीने लावला. (सातबारा वाचताना आपण तरी वेगळे काय करतो?) खरी ओढ बेटांपेक्षा भोवतालच्या समुद्राची होती.

१९७१ साली दोघांनी वाद लवादाकडे सोपवला. आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी कागदपत्रे तपासली आणि १९७७ मध्ये निकाल दिला: तिन्ही बेटे चिलीची. जानेवारी १९७८ मध्ये आर्जेंटिनाच्या लष्करी सरकारने तो निकाल आपणांस मान्य नाही असे जाहीर केले. त्याच वर्षी डिसेंबरात त्यांचे आरमार दक्षिणेकडे निघाले. नाताळ अवघ्या तीन दिवसांवर आला होता.

पोप जॉन पॉल दुसरे यांना पदावर येऊन तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. आपला प्रतिनिधी पाठवतो, असे त्यांनी दोन्ही सरकारांना कळवले. २६ डिसेंबरला ७३ वर्षांचे कार्डिनल आंतोनिओ सामोरे आर्जेंटिनाच्या राजधानीत उतरले. दोन्ही राजधान्यांमध्ये त्यांच्या फेऱ्या सुरू झाल्या. ८ जानेवारी १९७९ रोजी मोन्तेव्हिदेओ येथे दोन्ही देशांनी लिहून दिले की आम्ही बळाचा वापर करणार नाही आणि पोप महोदयांची मध्यस्थी आम्हांला हवी आहे.

लवाद आणि मध्यस्थी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लवाद निकाल देतो. मध्यस्थ निकाल देत नाही, तो दोघांचे मन वळवतो आणि त्याला वेळ लागतो. येथे सहा वर्षे लागली. डिसेंबर १९८० मध्ये पोप महोदयांनी तोडगा सुचवला. चिलीने होकार दिला, आर्जेंटिना गप्प राहिली. १९८२ मध्ये त्याच लष्करी राजवटीने दुसऱ्या बेटांसाठी, फॉकलंडसाठी, ब्रिटनशी युद्ध केले. दहा आठवड्यांत दोन्हीकडचे मिळून नऊशेहून अधिक लोक मेले. फेब्रुवारी १९८३ मध्ये कार्डिनल सामोरे वारले. तेव्हा बीगलचा वाद मिटलेला नव्हता.

पुढे आर्जेंटिनात लोकांनी निवडलेले सरकार आले. नोव्हेंबर १९८४ मध्ये त्याने जनतेलाच विचारले. मतदान करणाऱ्यांपैकी शंभरात ऐंशीहून अधिकांनी होकार दिला, आणि २९ नोव्हेंबरला व्हॅटिकनमध्ये तहावर सह्या झाल्या.

आता त्या तहात काय होते ते पाहा. बेटे चिलीचीच राहिली, म्हणजे लवादाचा निकाल बदलला नाही. समुद्राचा मोठा भाग मात्र आर्जेंटिनाला मिळाला. लवाद फुकट गेला असे काहीजण म्हणतात, ते आम्हांला पटत नाही. ज्याच्या हाती निकाल होता त्याने हातचे काही सोडले, म्हणून हरलेल्याला मान खाली न घालता घरी जाता आले. दहा वर्षांनी, १९९४ मध्ये, लागुना देल देसिएर्तो या डोंगराळ भागाच्या वादाचा त्याच तहानुसार नेमलेल्या लवादाने निकाल दिला. या वेळी चिली हरली. तिने फेरविचाराचा अर्ज केला, तो फेटाळला गेला, आणि तिने निकाल मानला. सैन्य हलले नाही.

लूकच्या शुभवर्तमानात एक मनुष्य वडिलोपार्जित वाटणीसाठी प्रभू येशूकडे येतो. प्रभू न्यायाधीश व्हायला नकार देतो आणि लगेच लोभाविषयी बोलू लागतो. हा नकार आम्हांला नेहमी अडचणीत टाकतो, कारण नाताळ जवळ आला की आमच्याकडेही बांधाची, विहिरीची, घराच्या हिश्शाची भांडणे येतात. “फादर, खरे कोणाचे ते तुम्हीच सांगा.” मोजणीचे काम मोजणीदाराचे, ते आम्हांला जमणार नाही. परंतु एका घरातील गोष्ट आमच्या मनातून जात नाही. कोर्टाचा निकाल लागला तेव्हा जिंकलेल्या भावाने आळीभर पेढे वाटले, हरलेल्या भावाच्या दारातसुद्धा. निकाल योग्यच होता. त्या दोघांची मुले आजही मिस्सामध्ये वेगवेगळ्या बाकांवर बसतात आणि शांतीचे चिन्ह देताना मागे वळत नाहीत.

आगमन काळातील चारही बुधवारी सायंकाळच्या मिस्सानंतर आम्ही कार्यालयात बसणार आहोत. ज्यांचा वाद आहे त्यांनी दोघांनी मिळून यावे. एकट्याचे आम्ही ऐकून घेणार नाही. निकाल ज्याच्या बाजूने लागला आहे, त्याने आधी निरोप पाठवावा.