हट्ट कीं हांक?

विरारकडे जाणारी गाडी बोईसरला थांबली तेव्हां फलाटावर पाळी सुटलेल्या कामगारांची झुंबड उडाली होती. दिव्यांगांसाठीं राखलेल्या डब्यांत एक बाई दहा-बारा वर्षांच्या मुलाला घेऊन चढली. गाडीचा भोंगा वाजतांच मुलानें दोन्ही कान दाबले, किंकाळी फोडली आणि तो स्वतःचेंच मनगट चावूं लागला. "दोन थोबाडींत द्या, येईल ताळ्यावर," असें एका गृहस्थांनीं सुचविलें. त्यांच्या स्वतःच्या बगलेंत कुबड्या होत्या, म्हणून तो सल्ला मला अधिकच लागला. बाईनें उत्तर दिलें नाहीं. तिनें मोबाईल पुढें धरला, मुलानें एका चित्रावर बोट ठेवलें आणि यंत्रांतून शब्द आला, "आवाज!" मग तिनें आपला पदर त्याच्या कानांभोंवतीं गुंडाळला. उमरोळी मागें पडली तेव्हां तो खिडकीबाहेर पाहत होता.

आपल्या भाषेंत बालहट्ट, स्त्रीहट्ट आणि राजहट्ट असे तीन हट्ट सांगितले आहेत. राजाची गोष्ट सोडा; त्याचा हट्ट पुरविल्यावांचून गत्यंतर नसतें. परंतु बाकीच्या दोहोंना हें नांव कोणीं दिलें, याचा विचार केला म्हणजे आपल्याला जें ऐकावयाचें नसतें त्यालाच आपण हट्ट म्हणतों, असा संशय येऊं लागतो. १९८५ सालीं एडवर्ड कार व मार्क ड्यूरंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनीं या संशयाला प्रयोगाचा आधार दिला. वाढींत मागें राहिलेल्या कांहीं मुलांचा दंगा केव्हां वाढतो, तें त्यांनीं बारकाईनें पाहिलें. कोणाला काम कठीण पडे; कोणाकडे कोणी लक्ष देत नसे. पहिल्यास "मला समजत नाहीं" असें सांगावयास व दुसऱ्यास "माझें काम चांगलें होत आहे ना?" असें विचारावयास शिकवितांच दंगा पुष्कळच ओसरला. या वाटेला पुढें 'सकारात्मक वर्तन-साहाय्य' असें जड नांव पडलें. मूळ गोष्ट एवढीच, कीं दंगा हीही एक बोली आहे.

हा विचार समुद्रापलीकडूनच यावयास हवा होता, असें नाहीं. याच जिल्ह्यांत कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं आदिवासी मुलांच्या शिक्षणाचें काम चालविलें, तेव्हां गुरें राखणारीं मुलें शाळेंत येईनात. त्यांना उनाड म्हणून मोकळें होणें सोपें होतें. या बायांनीं शाळाच कुरणांत नेली, तीच कुरणशाळा. तीं मुलें दिव्यांग नव्हतीं, हें खरें. तथापि वळण मुलाला लावावयाचें कीं व्यवस्थेला, हा प्रश्न तोच होता. २०१६ च्या कायद्यानें तर दिव्यांगांची वाजवी सोय नाकारणें हा भेदभावच ठरविला आहे.

यंत्राविषयीं मात्र माझ्या मनांत एक शंका आहे. मुंबईच्या आय. आय. टी. मध्यें 'जेलो' नांवाचें, चित्रांवर बोट ठेवून बोलावयाचें साधन तयार झालें. अशीं आणखीही आहेत, आणि पुठ्ठ्यावर चिकटविलेल्या चित्रांनींही पुष्कळ काम भागतें. पण त्यांत कोणते शब्द असावेत, हें ठरवितो कोण? बोईसरच्या चाळींत कोणाच्या घरीं भोजपुरी बोलतात, जव्हार-तलासरीकडे वारली. तेथल्या आईला मुलाच्या यंत्रानें छापील मराठींत हांक मारली, तर तिला तो परकाच वाटावयाचा.

याहून मोठी गोष्ट 'नको' या शब्दाची. 'पाणी', 'भात', 'शू' हीं चित्रें आपण हौसेनें घालतों, कारण त्यांनीं आपलीही सोय होते. 'नको', 'थांबा', 'मला हात लावूं नका' हे शब्द घालतांना आपला हात आंखडतो. ज्या मुलाला मागतां येतें पण नाकारतां येत नाहीं, त्याला आपण वाणी दिली कीं केवळ शिस्त? गोडीगुलाबीनें मूल गप्प करणें हें थपडेहून बरें खरें. पण किती बरें?

पालघरला उतरतांना त्या गृहस्थांनीं कौतुकानें मुलाच्या गालाला हात लावला. त्यानें तो झटकला आणि मोबाईलवर बोट आपटलें. "नको." गृहस्थ ओशाळले. आईनें मात्र मुलाला दटावलें नाहीं.