हेतू नसताना घडलेली हिंसा

ब्राझीलच्या ईशान्येला पेर्नांबुको राज्यात कारुआरू नावाचे शहर आहे. 1996 च्या फेब्रुवारीत तिथल्या एका डायलिसिस केंद्रातले रुग्ण नेहमीप्रमाणे उपचार घेऊन उठले आणि त्यांना धूसर दिसू लागले, मळमळू लागले, उलट्या सुरू झाल्या. 131 रुग्णांपैकी 116 जणांना हा त्रास झाला आणि शंभर जणांचे यकृत निकामी झाले. डिसेंबरपर्यंत त्यातले 52 जण याच कारणाने दगावल्याचे तपासात निघाले. दोष पाण्यात होता. जलाशयात निळ्या-हिरव्या शेवाळासारखे दिसणारे सूक्ष्मजीव माजले होते. त्यांनी सोडलेले मायक्रोसिस्टिन नावाचे विष, पुरेशी प्रक्रिया न झालेल्या टँकरच्या पाण्याबरोबर केंद्रात आले आणि तिथून थेट रुग्णांच्या रक्तात उतरले.

त्या केंद्रात कोणालाही कोणाचा जीव घ्यायचा नव्हता. मग या मृत्यूंना हिंसा म्हणायचे का?

भारतीय विचारपरंपरेने हा प्रश्न फार पूर्वी आणि फार बारकाईने हाताळला आहे. धम्मपदाच्या अट्ठकथेतली, म्हणजे त्यावरच्या टीकेतली, पहिलीच गोष्ट चक्खुपाल नावाच्या आंधळ्या थेरांची, म्हणजे ज्येष्ठ भिक्खूंची, आहे. रात्री पाऊस पडून गेलेला. पहाटे चक्खुपाल चंक्रमण करत, म्हणजे येरझारा घालत, असताना त्यांच्या पायाखाली किडे चिरडले गेले. इतर भिक्खूंनी बुद्धांकडे तक्रार केली. बुद्धांनी त्यांना विचारले, चक्खुपालांना किडे मारताना तुम्ही पाहिले का? नाही, असे उत्तर आले. जसे तुम्हाला ते दिसले नाहीत, तसे त्यांना किडे दिसले नाहीत, असा बुद्धांचा निवाडा होता. मारण्याचा हेतू नाही, म्हणून दोष नाही. याच गोष्टीत पुढे कळते की चक्खुपाल पूर्वजन्मी वैद्य होते आणि आपल्याला फसवू पाहणाऱ्या एका रुग्ण बाईचे डोळे त्यांनी जाणूनबुजून घालवले होते. त्या कर्माला मात्र क्षमा नव्हती. एकाच माणसाच्या दोन जन्मांत हेतूची तराजू इतकी स्पष्ट धरलेली गोष्ट क्वचितच सापडेल.

जैन विचारवंतांना एवढ्याने समाधान झाले नाही. उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना बोट ठेवले ते प्रमादावर, म्हणजे बेसावधपणावर. बेसावध वागण्यातून जीव जाणे ही हिंसा. अमृतचंद्राचार्यांनी पुरुषार्थसिद्ध्युपायात हा विचार टोकापर्यंत नेला. सावधपणे चालणाऱ्याच्या पायाखाली जीव मेला तरी ती हिंसा होत नाही, आणि बेसावध वागणाऱ्याच्या हातून कोणी मेले नाही तरी हिंसा झालेलीच असते. म्हणूनच जैन साधूच्या आचारात पाहून चालणे आहे, वस्तू जपून उचलणे आणि ठेवणे आहे, टाकाऊ गोष्टींची जपून विल्हेवाट लावणे आहे. वस्त्रे आणि पात्रे रोज निरखून पाहण्याचा नियम आहे. पाणी गाळल्याशिवाय प्यायचे नाही, आणि गाळण्यावर राहिलेले जीव ज्या विहिरीचे किंवा तळ्याचे पाणी असेल तिथेच परत सोडायचे, ही रीत महाराष्ट्रातल्या कित्येक जैन घरांतही पाळली गेली. बौद्ध भिक्खूच्या आठ वस्तूंतही पाणी गाळायचे साधन असते. प्यायच्या पाण्यातला जीव आपल्या तोंडी जाऊ नये, एवढी ही काळजी.

डायलिसिसच्या खोलीत हीच काळजी उलट दिशेने घ्यावी लागते. पाण्यातल्या गोष्टींपासून माणूस वाचवायचा असतो. निरोगी माणूस दिवसाला दोन-तीन लिटर पाणी पितो आणि आतडी व यकृत त्याची राखण करतात. डायलिसिसवरच्या रुग्णाला ही राखण नसते. मशीनमधून साधारण मिनिटाला 500 मिलिलिटर द्रव वाहतो, म्हणजे चार तासांत 120 लिटर, आणि आठवड्यातून तीनदा बसणाऱ्या रुग्णाच्या रक्ताशेजारून आठवड्याला 360 लिटर. मध्ये डायलायझरचा पातळ पडदा, बस्स. नळाच्या पाण्यातले क्लोरिन पिणाऱ्याला कॉलऱ्यापासून वाचवते. तेच क्लोरिन किंवा क्लोरामाइन या पडद्यातून रक्तात गेले की तांबड्या पेशी फुटतात. म्हणून आरओच्या, म्हणजे पाणी बारीक पडद्यातून गाळणाऱ्या यंत्रणेच्या, आधी कार्बनच्या दोन टाक्या एकामागे एक बसवतात आणि पहिल्या टाकीतून बाहेर पडणारे पाणी प्रत्येक शिफ्ट सुरू होण्याआधी तपासतात. एकूण क्लोरिन लिटरला 0.1 मिलिग्रॅमच्या वर गेले की डायलिसिस सुरू करायचे नाही.

तपासणीला काही मिनिटे लागतात. पण पहाटेची पाळी, बाहेर ताटकळणारे रुग्ण, काल पाणी चांगले होते म्हणून आजही असेलच हा भरवसा, आणि वहीत कालचाच आकडा उतरवण्याचा मोह. प्रमाद तिथेच घडतो. त्या दिवशी पाणी खरोखर चांगले असले, कोणाचे काही बिघडले नाही, तरी अमृतचंद्रांच्या हिशोबाने हिंसा झालेली असते. हे ऐकायला कठोर वाटते. मात्र रुग्णाच्या बाजूने विचार केला तर यापेक्षा सौम्य नियम चालणारच नाही, कारण वाईट दिवस कोणता हे आधी कोणालाच ठाऊक नसते.

चक्खुपालांच्या गोष्टीकडे इथे पुन्हा पाहायला हवे. त्यांना दोष लागला नाही, कारण त्यांना दिसत नव्हते. क्लोरामाइन, जंतूंची विषे, फ्लोराइड हेही कोणाच्याच डोळ्यांना दिसत नाहीत. पण ते ओळखणारी पट्टी, रसायन, मीटर माणसाने तयार केले त्या दिवसापासून टेक्निशियनला डोळे आले. डोळे असून मिटून चालणाऱ्याला चक्खुपालांची सूट मिळत नाही. कारुआरूत मायक्रोसिस्टिनची तपासणी नेहमीच्या यादीत नव्हती, तेवढ्यापुरते ते लोक अंधारात होते. पुढे 1998 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यातल्या मायक्रोसिस्टिनसाठी लिटरला 1 मायक्रोग्रॅम अशी मर्यादा सुचवली. ज्ञान वाढले तशी जबाबदारीची कक्षाही वाढली, आणि ती पुन्हा आत घेता येत नाही.

कारुआरूच्या तीन वर्षे आधी, जुलै 1993 मध्ये, अमेरिकेतल्या शिकागोतल्या एका केंद्रात 15 पैकी 12 रुग्ण आजारी पडले आणि तिघे गेले. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेची क्षमता संपली होती आणि तिने धरून ठेवलेले फ्लोराइड ती परत पाण्यात सोडू लागली होती. शुद्ध करणारी वस्तूच जपणूक सुटली की घातक होते. मशीनच्या आतही तेच. पाइपात जंतू चिकट थर करून राहतात, क्षारांचे कवच चढते. म्हणून सायट्रिक ॲसिड आणि 80 अंशांच्या वरचे गरम पाणी आतून फिरवावे लागते, आरओपासून मशीनपर्यंतची नळी ठरल्या वेळी निर्जंतुक करावी लागते. बाहेरून खुर्ची, पलंग, मशीनची बटणे प्रत्येक रुग्णानंतर ब्लीचने पुसावी लागतात, कारण कावीळ-बीचा विषाणू कोरड्या पृष्ठभागावर किमान सात दिवस जिवंत राहू शकतो. सकाळच्या रुग्णाच्या रक्ताचा एक न दिसणारा थेंब दुपारच्या रुग्णापर्यंत पोहोचायला तेवढा अवधी पुष्कळ झाला.

आपल्या घरांत सोवळे पाळले गेले ते बहुधा स्वतःची शुद्धी राखण्यासाठी, दुसऱ्याचा स्पर्श टाळण्यासाठी. डायलिसिसच्या खोलीतली शुद्धी परक्या माणसाच्या जिवासाठी असते, आणि तो कोणत्या जातीचा, कोणत्या धर्माचा, हे ब्लीचच्या फडक्याला विचारावे लागत नाही. धर्माच्या तराजूत हिचे वजन सोवळ्यापेक्षा जास्त आहे.

सगळा भार टेक्निशियनच्या खांद्यावर टाकणे मात्र अन्याय ठरेल. जैन शास्त्रात कर्म तीन प्रकारे लागते: स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करवलेले आणि ज्याला अनुमोदन दिले ते. कार्बन बदलायची वेळ झालेली असताना पुढच्या महिन्यात बघू म्हणणारे व्यवस्थापन करवणाऱ्यांत येते. दोन माणसांचे काम एकाला देऊन वर तीन शिफ्ट लावणारेही त्यातच. आणि नोंदवही न उघडता खाली सही करणारा तज्ज्ञ अनुमोदन देणाऱ्यांत.

आपल्याकडे खर्चामुळे एकच डायलायझर त्याच रुग्णासाठी धुऊन पुन्हा वापरला जातो. यात मुळात पाप नाही. त्यामुळे कित्येकांना उपचार परवडतात आणि ते जगतात. पण धुतल्यानंतर आतल्या तंतूंची क्षमता मोजून ती मूळच्या 80 टक्क्यांपेक्षा कमी भरली तर तो फेकायचा, फॉर्मल्डिहाइडमध्ये ठेवला असेल तर 4 टक्के द्रावणात 24 तास राहू द्यायचा, आणि रुग्णाला जोडण्याआधी फॉर्मल्डिहाइड पूर्ण निघून गेल्याची खात्री करायची, एवढे करायलाच हवे. गरिबी पुनर्वापराचे कारण होऊ शकते, न मोजण्याचे कारण होऊ शकत नाही.

2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्याच वर्षी केंद्र सरकारने प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर केला आणि जिल्हा रुग्णालयांपर्यंत मशीन पोहोचू लागल्या. या दोन गोष्टी एकत्र लक्षात ठेवायला हव्यात. उन्हाळ्यात नळ आटतो, बोअर खोल जातो, टँकर येतो आणि पाण्याचा स्रोत बदलतो. कालची नोंद आजच्या पाण्याला लागू पडत नाही. कारुआरूलाही पाणी टँकरनेच आले होते.

ज्यांच्या घरचे कोणी डायलिसिसवर आहे त्यांनी आज क्लोरिन किती आले, कोणी पाहिले, किती वाजता पाहिले, हे जरूर विचारावे. आरओच्या खोलीतली नोंदवही पाहायला मागावी. मशीन पुसल्याशिवाय रुग्णाला बसवले जात असेल तर थांबवावे. नीट काम करणाऱ्या टेक्निशियनला या प्रश्नांचा राग येत नाही. उत्तर मिळाले नाही, तर रुग्णालयाच्या प्रमुखाकडे लेखी मागावे.