चिपमधला नाद आणि भजन

मोबाइलमध्ये साठवलेले भजन म्हणजे आकड्यांची लांबलचक रांग. त्या आकड्यांपासून पुन्हा नाद घडवणारी चिप म्हणजे डिजिटल-टू-अॅनालॉग कन्व्हर्टर, थोडक्यात डॅक. गोव्यातील पेडणे आणि डिचोली तालुक्यांत भजन ही देवळातली नेहमीची सेवा आहे. तीच पदे आता घरोघरी मोबाइलवर वाजतात. त्यातून दोन प्रश्न उभे राहतात. तुटक आकड्यांतून परत आलेला नाद मूळचाच असतो का? आणि तो ऐकणे हे भजन ठरते का?

सीडीच्या पद्धतीत ध्वनीची पातळी सेकंदाला 44,100 वेळा मोजतात आणि प्रत्येक माप 65,536 पायऱ्यांपैकी एकीवर बसवतात. डॅकमधले स्विच त्या आकड्याप्रमाणे लहानमोठे विद्युतप्रवाह जोडतात. त्यातून जिन्यासारखी रेषा निघते आणि फिल्टर तिच्या कडा काढून टाकतो. चिप वेगवान असेल तर नको असलेले कंप श्राव्य पट्ट्यापासून दूर जातात आणि गाळणे सोपे होते. मात्र वेग वाढला की स्विचांची उघडझाप वाढते आणि वीजही जास्त लागते. प्रत्येक उघडझापीची ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. व्होल्टेज निम्मे केले की ती चौथाईवर येते. वेगवान चिप कमी विजेवर चालवण्याचा हा एक मुख्य मार्ग आहे.

आता पहिला प्रश्न. बौद्ध क्षणभंगवादानुसार जे आहे ते क्षणिक आहे. सातत्य ही क्षणांच्या प्रवाहावर मनाने केलेली कल्पना होय. डॅकचे आकडे पाहता हे मत पटण्यासारखे वाटते. परंतु गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी 1949 मध्ये मांडलेला सिद्धांत वेगळे सांगतो. सर्वांत वरच्या कंपसंख्येच्या दुपटीहून अधिक वेळा नमुने घेतले, तर दोन नमुन्यांमधली रेषाही परत मिळते. म्हणून षड्जावरून गंधारावर जाणारी मींड नमुन्यांच्या फटीत हरवत नाही. तिचे सातत्य केवळ श्रोत्याच्या मनात नसते, ते फिल्टरमधून निघणाऱ्या विद्युतलहरीतच असते. पायऱ्यांवर बसवताना सुटलेला सूक्ष्म फरक मात्र कायमचा जातो. नाद परत येतो, पण मर्यादा पाळून.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर डिचोली तालुक्यातील नार्वे येथे सापडते. दिवाडी बेटावरचे सप्तकोटेश्वराचे देऊळ पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात पाडले. पुढे देवाची स्थापना नार्वे येथे झाली आणि 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला. जागा बदलली, वास्तू बदलली, तरी देव तोच मानला गेला; कारण माणसांनी त्याची पुन्हा प्रतिष्ठा केली आणि पूजा चालू ठेवली. नुसत्या स्थलांतराने हे घडले नसते.

भजनालाही हाच न्याय लागू पडतो. पेडण्यातील पालये गावाशी नाते असलेले नाथपंथी संतकवी सोहिरोबानाथ आंबिये यांची पदे आधी मुखामुखी फिरली, मग ध्वनिमुद्रित होऊन आकड्यांत गेली. चिप त्यांचा नाद परत देते, पण भाव तिला देता येत नाही. नवविधा भक्तीत श्रवण पहिले आहे आणि श्रवणाला मन लागते. घरात नुसते वाजत राहिलेले पद हे भजन नव्हे. मन देऊन ऐकलेले पद, गळ्यातून आलेले असो वा चिपमधून, भजनच होय.